वृद्धांचे धोरण आणि वृद्धांचे मत

शासनाला वृद्ध मनुष्य बहुधा दोन रूपांत दिसतो : आदरास पात्र असा वडीलधारा आणि साहाय्यास पात्र असा लाभार्थी. आदर भाषणांतून प्रकट होतो, साहाय्य अंदाजपत्रकातून. परंतु ज्याच्याकरिता तरतूद करावयाची, त्यालाच ती कशी असावी हे विचारावे, ही तिसरी दृष्टी उशिरा आली. 2011 च्या जनगणनेत साठ वर्षांवरील माणसांची संख्या सुमारे 10.38 कोटी भरली. एवढ्या मोठ्या समुदायाचे मत घेणे हा केवळ सौजन्याचा प्रश्न राहत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाने 1991 साली वृद्धांविषयी जी तत्त्वे मान्य केली, त्यांची पाच अंगे आहेत : स्वावलंबन, सहभाग, शुश्रूषा, आत्मविकास आणि प्रतिष्ठा. सहभागाचे स्थान शुश्रूषेच्याही आधी आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. भारताने 1999 च्या जानेवारीत वृद्धांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्याच वर्षी सल्ल्यासाठी एक राष्ट्रीय परिषद नेमण्यात आली आणि 2012 साली तिची पुनर्रचना झाली. परंतु दिल्लीतील परिषदेत बसणारा वृद्ध आणि पोस्टाच्या रांगेत उभा राहणारा वृद्ध यांच्यात अंतर आहे. धोरणाची खरी परीक्षा त्या रांगेतच होते.

एक साधे उदाहरण घ्यावे. पेन्शनदार हयात असल्याचा दाखला अंगठ्याच्या ठशावरून देण्याची सोय नोव्हेंबर 2014 मध्ये सुरू झाली. सोय चांगली, हेतूही चांगला. परंतु वयोमानाने बोटांवरच्या रेषा पुसट होतात. ज्या हातांनी जन्मभर खुरपे धरले किंवा भांडी घासली, त्यांच्या तर अधिकच. मनुष्य यंत्रासमोर उभा आणि यंत्राला त्याची ओळख पटत नाही, असे प्रसंग ओढवू लागले. चेहऱ्यावरून ओळख पटविण्याचा मार्ग 2021 च्या नोव्हेंबरात उपलब्ध झाला. योजना आखताना दहा वृद्ध मजुरांचे हात पाहिले असते, तर ही अडचण पहिल्याच दिवशी ध्यानात आली असती. ज्याचे जळते त्यालाच कळते, हा अनुभव शासनव्यवहारातही खराच आहे.

कोणी विचारले नाही, म्हणून वृद्धांनी स्वतः बोलावे, असेही घडले आहे. निराधार वृद्धांचे केंद्र सरकारचे निवृत्तिवेतन 1995 साली दरमहा 75 रुपयांनी सुरू झाले. 2012 साली ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठी केंद्राचा वाटा 200 रुपये होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात पेन्शन परिषदेच्या वतीने निरनिराळ्या राज्यांतील कष्टकरी वृद्ध दिल्लीत जंतरमंतरला धरणे धरून बसले. अरुणा रॉय यांच्यासह ऐंशी ओलांडलेले बाबा आढाव त्यांच्या अग्रभागी होते. दरमहा किमान 2000 रुपये मिळावेत, ही त्यांची मागणी मान्य झाली नाही. परंतु वृद्धापकाळाचे वेतन ही दया नसून आयुष्यभराच्या श्रमाचा हक्क आहे, हा विचार त्यांनी देशापुढे ठेवला.

केरळने मार्च 2025 मध्ये वृद्धांसाठी स्वतंत्र आयोग नेमण्याचा कायदा संमत केला. आयोगाचे अध्यक्ष आणि सदस्य हे स्वतः ज्येष्ठ नागरिकच असावेत, हे त्याचे वैशिष्ट्य.

तथापि, प्रतिनिधी नेमल्याने काम संपत नाही. गावच्या पारावर वृद्धांचा शब्द मानला जात असे, हे खरे. पण त्या पारावर स्त्रियांना आणि गावकुसाबाहेरच्या लोकांना जागा नव्हती, हेही तितकेच खरे. 2011 साली वृद्धांत 5.3 कोटी स्त्रिया आणि 5.1 कोटी पुरुष होते आणि एकूण 7.3 कोटी वृद्ध खेड्यांत राहत होते. शहरातील ज्येष्ठ नागरिक संघात येणारा निवृत्त नोकरदार आणि खेड्यातील एकटी विधवा यांच्या गरजा एक नव्हेत. म्हणून विचारणारानेच अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या दारी जावयास हवे. ग्रामसभेची वेळ, बसण्याची सोय, बोलीतून समजावून सांगणे, या गोष्टी क्षुल्लक दिसतात. पण कोणाचा आवाज नोंदला जाईल हे त्यांच्यावरच ठरते. आणि नोंदलेल्या सूचनेचे पुढे काय झाले, कोणती स्वीकारली व कोणती का नाकारली, याचे उत्तर सूचना करणाराला त्याच्या हयातीत मिळाले पाहिजे. वृद्धाजवळ अनुभव पुष्कळ असतो. वाट पाहण्यास वेळ मात्र थोडा असतो.