साबळे, अविनाश मुकुंद
(१३ सप्टेंबर १९९४ – ). विख्यात भारतीय धावपटू. जन्म बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या अवर्षणप्रवण गावी, वीटभट्टीवर राबणाऱ्या शेतकरी कुटुंबात. शाळा सु. ६ किमी. दूर, ते अंतर ते बहुधा धावतच कापीत. बारावीनंतर सेनादलाच्या महार रेजिमेंटमध्ये ते दाखल झाले व सियाचिन, राजस्थान, सिक्कीम येथे त्यांनी सेवा केली. स्पर्धात्मक धावण्यास प्रारंभ २०१५ च्या सुमारास, म्हणजे बराच उशिरा, सेनादलातील क्रॉसकंट्री शर्यतींतून झाला. प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सल्ल्याने २०१७ मध्ये ते अडथळ्यांच्या शर्यतीकडे (स्टीपलचेस) वळले.

३,००० मी.च्या या शर्यतीत पुरुषांना ९१·४ सेंमी. उंचीचे अडथळे २८ वेळा व पाण्याचा अडथळा ७ वेळा ओलांडावा लागतो. अडथळे जड व स्थिर असून धक्क्याने पडत नाहीत. त्यामुळे पाऊल चुकल्यास धावपटूच कोसळतो. प्रत्येक उडीनंतर लय मोडते आणि ती पुन्हा साधण्यात शक्ती खर्ची पडते. केवळ वेगवान धावपटू येथे यशस्वी होत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम साबळे यांनी २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे मोडला (८ मि. २९·८० से.) आणि पुढे स्वतःचाच विक्रम वारंवार सुधारला. दोहा येथील जागतिक स्पर्धेत (२०१९) प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूमुळे त्यांना अडथळा झाला. भारताचा आक्षेप मान्य होऊन त्यांना अंतिम फेरीत प्रवेश मिळाला. टोकिओ ऑलिंपिकमध्ये (२०२१) मात्र नशिबाने साथ दिली नाही. ८ मि. १८·१२ से. ही त्यांची वेळ अंतिम फेरी गाठलेल्या काही धावपटूंपेक्षा सरस होती. परंतु ते आपल्या गटात सातवे आले व स्पर्धेबाहेर गेले.

त्यांचे प्रभुत्व एका प्रकारापुरते मर्यादित नाही. दशस्पर्धेत (डेकॅथ्लॉन) विविध प्रकारांचे गुण एकत्र केले जातात. साबळे यांना प्रत्येक प्रकारात त्या त्या क्षेत्रातील तज्ज्ञ धावपटूंशी स्वतंत्र झुंज द्यावी लागली. २०२० मध्ये दिल्ली येथे त्यांनी अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. ६१ मिनिटांच्या आत धावणारे ते पहिले भारतीय. २०२२ मध्ये त्यांनी ५,००० मी.मधील बहादुर प्रसाद यांचा तीस वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतील (२०२२) त्यांची शर्यत सर्वांत संस्मरणीय म्हणावी लागेल. १९९८ पासून या शर्यतीची सर्व पदके केन्याकडेच जात होती. साबळे यांनी ८ मि. ११·२० से. वेळेत रौप्यपदक मिळविले. सुवर्ण अवघ्या ०·०५ सेकंदाने हुकले. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. हांगजो आशियाई स्पर्धेत (२०२३) त्यांनी स्टीपलचेसमध्ये सुवर्ण व ५,००० मी.मध्ये रौप्य पटकाविले. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिस येथे ८ मि. ९·९१ से. असा राष्ट्रीय विक्रम नोंदवून पुढील महिन्यात ते ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावे आले. या शर्यतीत तेथवर पोहोचणारे ते पहिले भारतीय पुरुष. महिलांत हा मान सातारा जिल्ह्याच्या ललिता बाबर यांनी २०१६ मध्येच मिळविला होता.

२०२५ मध्ये गुमी येथे त्यांनी आशियाई अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षी जुलैमध्ये मोनॅको येथे शर्यतीदरम्यान त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली, आणि टोकिओ येथील जागतिक स्पर्धेस त्यांना मुकावे लागले.