नाव टाका, कुंडली मिळवा?

जून-जुलै आला की पुण्यात कॉट बेसिसवर जागा शोधणाऱ्यांची धावपळ सुरू होते. चौघांच्या फ्लॅटमधली एक कॉट रिकामी असते, ग्रुपवर मेसेज पडतो आणि दोन दिवसांत एक अनोळखी मुलगा बॅग घेऊन दारात. मग कुणीतरी रात्री गुगलवर 'बॅकग्राउंड चेक' टाकतं. नाव द्या, नंबर द्या, थोडे पैसे भरा, पाच मिनिटांत पूर्ण रिपोर्ट! अशा साइट्सची रांगच लागते.

पैसे भरण्याआधी एवढंच विचारा, की ही माहिती येते कुठून?

कुणाचंही नाव टाकून त्याचे गुन्हे बघता येतील अशी खुली यादी आपल्याकडे नाही. पोलिसांची सीसीटीएनएस यंत्रणा पोलिसांसाठी आहे. त्यामुळे 'क्रिमिनल रेकॉर्ड' म्हणून जे विकलं जातं, ते बरेचदा ई-कोर्ट्सवरून उचललेलं असतं. आणि ते तर तुम्हालाही फुकट दिसतं. जिल्हा, कोर्ट, वर्ष निवडायचं आणि पक्षकाराचं नाव टाकायचं. करूनच बघा. 'गणेश पाटील' म्हणून जळगावात शोधलंत, तर त्यातला तुमच्या फ्लॅटवर येणारा गणेश कोणता हे कसं ओळखणार? यादीत जन्मतारीख नसते. वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. इंग्रजी स्पेलिंगचं तर विचारूच नका. शिवाय केस म्हणजे गुन्हाच असं थोडंच आहे? भावकीतला वाटणीचा दावाही तिथेच असतो. नुसतं नाव जुळवणारी साइट कुणाची तरी केस बिचाऱ्या गणेशच्या माथी मारून मोकळी होते.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. 'ट्रुथफाइंडर' आणि 'इन्स्टंट चेकमेट' या अमेरिकेतल्या दोन मोठ्या साइट्सवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये कारवाई केली. आरोप असा होता, की वाहतुकीच्या साध्या चलानालाही 'क्रिमिनल रेकॉर्ड' भासवून त्या सबस्क्रिप्शन विकत होत्या. प्रकरण ५८ लाख डॉलरवर मिटलं. तिथे अशा रिपोर्टसाठी १९७० पासून कायदा आहे, तरीही हे झालं.

मग भरवशाची सेवा ओळखायची कशी? ती ज्याची चौकशी करायची, त्याची संमती मागते. पूर्ण नाव, जन्मतारीख, जुना पत्ता विचारते. कोणती नोंद कुठून आणि कधी घेतली, हे रिपोर्टमध्ये लिहिते. आणि ती वेळ घेते. कॅम्पस प्लेसमेंटनंतर कंपन्या डिग्री तपासतात तेव्हा विद्यापीठाकडून उत्तर यायला दिवस लागतात. पाच मिनिटांत सगळं मिळत असेल, तर कुणी कुणाला विचारलेलंच नाही, हे समजून जा.

फ्लॅटमेटसाठी तर माझ्या मते हा खर्चच नको. घरमालकाला भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन नोंदवायला सांगा. नव्या मुलाकडून आधीच्या घरमालकाचा नंबर घ्या आणि फोन करा. 'त्या गावात आपलं कोण आहे गं?' ही आईची पद्धतही कुठल्याही ॲपला भारी पडते!

उद्या हाच रिपोर्ट तुमचा निघणार आहे. मार्कशीट आणि आधारवर नाव वेगळं असेल, तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात चुकीची वैयक्तिक माहिती दुरुस्त करून मागण्याची तरतूद आहे, पण तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय. तोवर ई-कोर्ट्सवर स्वतःचं नाव एकदा टाकून बघा. नामसाधर्म्यामुळे भलत्याचीच केस दिसली, तर तिचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर लिहून ठेवा. एचआरचा फोन आला, की त्यावरून केस उघडून पक्षकार दुसराच आहे हे दाखवता येईल.