पुरवठ्याचे नियोजन : विकतची प्रणाली आणि घरचे नियम

कोणता माल किती प्रमाणात, कोणत्या कारखान्यात तयार करायचा आणि तो कोणत्या डेपोत केव्हा पोहोचवायचा, हे मागणीच्या अंदाजावरून आधीच ठरवण्याच्या कामाला पुरवठा नियोजन म्हणतात. ज्या कंपनीने या कामासाठी अनेक वर्षे स्वतःची, स्वतःच्या गरजेप्रमाणे लिहून घेतलेली संगणकप्रणाली वापरली आहे, तिला कधी ना कधी एका प्रश्नाला सामोरे जावे लागते : बाजारात तयार मिळणारे पॅकेज, म्हणजे अनेक कंपन्यांसाठी एकाच साच्यात बनवलेली प्रणाली, घरच्या प्रणालीची जागा घेऊ शकेल काय? दोन्हींच्या सोयींची यादी शेजारी शेजारी मांडून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. जुन्या प्रणालीतील कोणते नियम धंद्याच्या स्वभावातून आले आहेत आणि कोणते केवळ सवयीने साचले आहेत, हे आधी वेगळे करावे लागते.

मुंबईच्या उपनगरांत याचे बोलके उदाहरण रंगाच्या धंद्यात सापडते. 1942 मध्ये गिरगावात सुरू झालेल्या एशियन पेंट्सने पुढे भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखाना उभारला आणि 1980 च्या दशकात अंकलेश्वर व हैदराबादजवळील पाटणचेरू येथे उत्पादन सुरू केले. तिचे मुख्य कार्यालय सांताक्रूझ पूर्वेला आहे. रंगाच्या मालाचे नियोजन मुळातच किचकट असते, कारण प्रत्येक छटा लहान डब्यापासून वीस लिटरच्या बादलीपर्यंत अनेक मापांत विकली जाते, त्यांतील प्रत्येक जोडी हिशेबात स्वतंत्र वस्तू, म्हणजे ‘एसकेयू’, ठरते आणि लहान जागेत दुकान चालवणारा डीलर यांतील फार थोड्या वस्तूंचा साठा ठेवू शकतो. या कंपनीने 1970 च्या दशकातच संगणक हाताशी घेतला; त्या काळी नियोजनाची तयार प्रणाली बाजारात सहज मिळत नसे, त्यामुळे कंपन्यांना ती स्वतः लिहावी किंवा लिहून घ्यावी लागे. अंधेरीच्या सीप्झसारख्या, 1973 मध्ये स्थापन झालेल्या निर्यातक्षेत्रात पुढे बहरलेल्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी दीर्घकाळ केले तेही मुख्यतः असेच, ग्राहकाच्या मागणीबरहुकूम प्रणाली लिहून देण्याचे काम.

विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत एशियन पेंट्सने मात्र तयार पॅकेजांचा मार्ग धरला : पुरवठा नियोजनासाठी आयटू आणि दैनंदिन व्यवहारांसाठी सॅप. या दोहोंतला भेद समजून घेण्यासारखा आहे. सॅपसारखी ईआरपी प्रणाली ऑर्डर, साठा, बिल अशा घडलेल्या व्यवहारांची नोंद ठेवते, तर नियोजनाची प्रणाली त्या नोंदींवरून पुढे काय घडावे याचे गणित मांडते आणि कारखान्याची क्षमता, कच्चा माल, वाहतुकीला लागणारे दिवस अशा मर्यादा सांभाळून त्यातल्या त्यात उत्तम पर्याय शोधते. हे गणित जगभर सारखेच असल्यामुळे पॅकेज येथे बळकट ठरते. हजारो वस्तू आणि अनेक डेपो यांचा एकत्र विचार करणारा गणिती गाभा घरी लिहीत बसण्यात आज फारसे शहाणपण उरलेले नाही.

अडचण उद्भवते ती मागणीच्या बाजूला. महाराष्ट्रात घरे रंगवण्याचे काम पावसाळ्यात मंदावते आणि दिवाळीच्या आधी उसळते, कोकणात तर गणपतीपूर्वीच घराला रंग काढण्याची घाई असते. परंतु हे सण इंग्रजी महिन्यांना बांधलेले नाहीत. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होते, 2023 मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे ते 12 नोव्हेंबरला गेले, आणि गणेश चतुर्थीही 31 ऑगस्टवरून 19 सप्टेंबरला सरकली. मागील वर्षीच्या ऑक्टोबरवरून या वर्षीचा ऑक्टोबर काढणारी पद्धत अशा वर्षी माल वेळेआधी डेपोंत साचवते आणि खऱ्या गर्दीच्या वेळी नेमका हवा तो डबा तिच्याजवळ नसतो. मुंबईत लिहिलेल्या घरच्या प्रणालीत ‘दिवाळीपूर्वीचे आठवडे’ ही कल्पना पहिल्यापासून असू शकते. पॅकेजमध्ये ती केवळ सणांची दिनदर्शिका भरून, म्हणजे कॉन्फिगरेशनने, साधते की त्यासाठी मूळ प्रणालीतच नवा कोड घालावा लागतो, म्हणजे कस्टमायझेशन करावे लागते, यावर निवडीचे बरेच काही अवलंबून असते.

कस्टमायझेशनचा मोह आवरण्याची गरज सर्वांत ठळकपणे दाखवली ती नायकेच्या प्रकरणाने. 2001 मध्ये या पादत्राणे कंपनीने विक्रीत सुमारे 10 कोटी डॉलरची तूट जाहीर करून नव्या आयटू प्रणालीकडे बोट दाखवले, तर आयटूचे म्हणणे असे होते की सांगितलेल्या पद्धतीला सोडून प्रणालीत अतोनात बदल केले गेले होते.

याउलट, घरच्या प्रणालीतील प्रत्येक नियम जपण्याच्या लायकीचा असतो असेही नाही. भांडुपच्या कारखान्यातील रंगाचे उत्पादन 2014 मध्ये थांबले. असा कारखाना गणितातून वजा झाला की त्याच्या टाक्यांच्या मापावर बेतलेले नियम निरर्थक होतात, तरी कोडमध्ये ते वर्षानुवर्षे राहू शकतात, कारण ते का लिहिले हे ठाऊक असलेली माणसे निवृत्त झालेली असतात. डीलरच्या काउंटरवर रंग मिसळून देणारे टिंटिंग यंत्र आल्यावर तर नियोजनाचे स्वरूपच पालटले, कारण प्रत्येक तयार छटेऐवजी मोजके बेस आणि रंगद्रव्ये पुरवणे पुरेसे झाले. ज्या गुंतागुंतीसाठी पूर्वी खास प्रणाली लागली असती, तिचा मोठा भाग अशा प्रकारे धंद्यातच विरघळून जातो.

म्हणून विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकापेक्षा स्वतःच्या जुन्या आकड्यांवर घेतलेली परीक्षा अधिक विश्वसनीय मानावी. 2023 च्या ऑगस्टपर्यंतची विक्री पॅकेजला देऊन दिवाळीची योजना काढून घ्यावी आणि ती घरच्या प्रणालीच्या योजनेशी व प्रत्यक्ष विक्रीशी ताडून पाहावी. त्याच वेळी नियोजन करणारे कर्मचारी प्रणालीचा आकडा बाजूला सारून एक्सेलमध्ये काय बदलतात, हेही बारकाईने नोंदवावे. घरच्या प्रणालीचे खरे ज्ञान पुष्कळदा त्या एक्सेलच्या फायलींत असते आणि निवडीच्या चर्चेत नेमके तेच वगळले जाते. या परीक्षेतून जे थोडे नियम खरोखर अनिवार्य ठरतील, ते पॅकेजच्या बाहेर एका लहान स्वतंत्र प्रणालीत ठेवून गणिताचा गाभा मूळ स्वरूपातच वापरणे अधिक सुरक्षित ठरते.

पॅकेजच्या आयुष्याची दोरीही कंपनीच्या हाती नसते, हे खर्चाच्या हिशेबात धरावे लागते. आयटू 2010 मध्ये जेडीए या कंपनीत विलीन झाली आणि जेडीएने 2020 मध्ये ब्लू यॉन्डर हे नाव घेतले. सॅपच्या एपीओ या जुन्या नियोजन प्रणालीला मिळणारी नियमित देखभाल 2027 अखेर संपणार असून तिच्या वापरकर्त्यांना आयबीपी या क्लाउडवरील नव्या प्रणालीकडे वळवले जात आहे. ज्या कंपन्यांनी एपीओभोवती आपले नियम कोडच्या रूपाने गुंफले, त्यांना आता तयार पॅकेज असूनही तीच छाननी पहिल्यापासून करावी लागत आहे.