सीबी उडाला तर लगेच दाबू नका

घरात एमसीबी पडली की आपण ती सवयीनं वर करतो. विमानाबद्दलही पुष्कळांची समजूत तशीच असते: ब्रेकर महागड्या उपकरणाला जपतो, आणि उडाला तर पुन्हा दाबला की झालं. पहिली समजूत चुकीची आहे, दुसरी जीवघेणी.

कॉकपिटमधला ‘सीबी’, म्हणजे सर्किट ब्रेकर, हे करंगळीच्या टोकाएवढं काळं बटण, डोक्यावर अँपिअरचा आकडा. ट्रिप झाला की ते बाहेर येतं आणि खालचा पांढरा पट्टा दिसतो. तो आकडा मुख्यतः वायरीला किती प्रवाह सोसेल त्यावरून ठरतो. उपकरण जळालं तर बदलता येतं. पॅनेलमागे पेटलेल्या वायरीपर्यंत उडत्या विमानात हात पोचत नाही. म्हणूनच ‘सारखा उडतो, मोठा बसवा’ हा उपाय घातक.

१० जुलै २००७, सॅनफर्ड, फ्लोरिडा. आदल्या दिवशी सेस्ना ३१० विमानात वैमानिकाला जळका वास आला. त्यानं हवामान रडारचा सीबी ओढला, वास गेला. त्यानं तक्रार लिहून दिली, पण दुरुस्ती झालीच नाही. दुसऱ्या दिवशी विमान तसंच निघालं आणि बहुधा तोच सीबी पुन्हा दाबला गेला. धुरानं भरलेलं विमान घरांवर कोसळलं. विमानातले दोघं आणि जमिनीवरचे तिघं गेले. मला या घटनेत सर्वांत जास्त सलतो तो तक्रारीचा कागद.

बरं, सीबी उडाला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. साध्या सीबीतली द्विधातूची पट्टी तापून वाकायला वेळ लागतो. सोललेल्या वायरीतली ठिणगी मात्र क्षणात चमकते, विझते, पुन्हा चमकते. पट्टी पुरेशी तापतच नाही. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचं १११ क्रमांकाचं उड्डाण कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं, २२९ जण गेले. तपासात आगीचं मूळ बहुधा अशाच ठिणगीत असल्याचं दिसलं. ठिणगी ओळखणारे ब्रेकर आता आहेत, पण सगळ्या विमानांत नाहीत.

उड्डाणात सीबी पुन्हा दाबायचा तो सुरक्षित उतरण्यासाठी अत्यावश्यक असेल तरच, थंड होऊ दिल्यावर, आणि एकदाच. इंधनटाकीतल्या पंपाचा असेल, तर एकदाही नाही.