काँक्रीटमधील आटे

लाकडात स्क्रू फिरवताना लाकडाचे तंतू बाजूला सरतात आणि सरता सरता आट्यांना आवळून धरतात. काँक्रीटला तंतू नाहीत, सरण्याचा स्वभाव नाही, आणि दाबाखाली ज्याचे सामर्थ्य प्रचंड तेच काँक्रीट ओढीखाली त्या सामर्थ्याच्या सुमारे दशांशावर तडकते, ही वस्तुस्थिती ध्यानात घेतली म्हणजे भिंतीत खिळा रोवण्याच्या वरकरणी क्षुल्लक कामासाठी शंभराहून अधिक वर्षे एवढी बुद्धी का खर्ची पडली, याचा उलगडा होतो.

१९१० च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणे बसवण्याचे काम जॉन जोसेफ रॉलिंग्ज या कंत्राटदाराकडे आले, तेव्हा भिंतींना कमीत कमी इजा व्हावी अशी अट होती. तोवरची रीत, जी आपल्याकडील सुतारांना व वायरमनांनाही चांगली परिचित होती, छिन्नीने ऐसपैस खड्डा खोदून त्यात लाकडाची गिट्टी ठोकण्याची. रॉलिंग्ज यांनी त्याऐवजी तागाच्या तंतूंची, चिकट द्रव्याने बांधलेली लहानशी नळी बारीक भोकात सरकवली. तिच्यात स्क्रू शिरला की ती फुगून भिंतीला घट्ट बसे. ‘रॉलप्लग’ हे तिचे नाव आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत अद्याप कानी पडते. पुढे १९५८ साली जर्मनीतील टुमलिंगेनच्या आर्टुर फिशर यांनी तीच कल्पना नायलॉनमध्ये उतरवली. मूळचे कुलूपकाम शिकलेले हे गृहस्थ हजाराहून अधिक पेटंटांचे धनी झाले, परंतु घरोघरी पोचली ती ही बोटाच्या पेराएवढी वस्तू.

या सर्व युक्त्यांचे मर्म एकच: भोकाच्या आत काहीतरी फुगवायचे आणि घर्षणाच्या बळावर ओझे पेलायचे. फुगणारी वस्तू मात्र सभोवारच्या काँक्रीटला सतत बाहेर रेटत राहते, आणि तुळईच्या कडेजवळ हा रेटा तिचा कोपराच फोडू शकतो. काँक्रीट स्क्रूने हा मध्यस्थच काढून टाकला. आट्यांच्या बाह्य व्यासाहून किंचित लहान भोक पाडायचे आणि त्यात पाणी देऊन कठीण केलेला स्क्रू यंत्राने फिरवायचा. त्याचे अग्रभागीचे दातेरी आटे काँक्रीटमध्ये स्वतःची सर्पिल खाच कोरत आत शिरतात, आणि त्या खाचेत अडकूनच पुढे सारे ओझे पेलले जाते. बाहेरचा रेटा अत्यल्प असल्यामुळे हा स्क्रू कडेच्या अधिक निकट चालतो, बसताक्षणी भार घेतो, आणि काम संपल्यावर उलटा फिरवून काढताही येतो. भोक मात्र स्क्रूच्या लांबीहून थोडे खोल लागते, कारण कोरताना निघणाऱ्या भुकटीला जागा न मिळाल्यास स्क्रू अर्ध्यावर अडतो, आणि मग कारागीर जोर वाढवून आत कोरलेली खाचच भरडून टाकतो.

एवढे करूनही ओझे अखेर कोण पेलते, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर बहुतेकांच्या समजुतीच्या विपरीत आहे. सहसा पोलाद तुटण्याच्या आधी काँक्रीटचा एक शंकूच उपटून बाहेर येतो. फुक्स, एलिगेहाउझेन आणि ब्रीन यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या गणनपद्धतीनुसार या शंकूचे सामर्थ्य खोलीच्या दीडाव्या घाताने वाढते. म्हणजे खोली दुप्पट केली तर पकड सुमारे २.८ पट होते. शंकूच्या तोंडाची रुंदी खोलीच्या तिप्पट धरतात. आपल्याकडच्या नित्याच्या २३० मिमी रुंद तुळईत ६० मिमी खोल स्क्रू बसवायचा झाल्यास दोन्ही कडांपासून ९० मिमी अंतर राखावे लागते, आणि संपूर्ण शंकू मिळण्याजोगी मधली पट्टी उरते अवघी ५० मिमीची. त्यात खालच्या सळ्या चुकवायच्या, गिलाव्याची जाडी खोलीत धरायची नाही, आणि हेही विसरायचे नाही की तुळईचा व स्लॅबचा मध्यावरील तळ ओढीखाली असतो, तिथे ०.३ मिमीपर्यंतची भेग आपल्या आयएस ४५६ या मानकालाही सामान्यतः मान्य आहे. छतातली नळकांडी आणि फॉल्स सीलिंग टांगायची ती नेमक्या याच भेगाळणाऱ्या पृष्ठभागावर.

काळ हा या विद्येतील सर्वांत कठोर परीक्षक आहे. १० जुलै २००६ च्या रात्री अमेरिकेत बॉस्टन येथील महामार्गाच्या बोगद्यात छताला टांगलेले सुमारे २६ टन काँक्रीट व त्याचे लोखंडी सामान एका मोटारीवर कोसळले आणि आतील स्त्री मरण पावली. तेथील अँकर, म्हणजे काँक्रीटमध्ये रोवलेले आधार, स्क्रूचे नव्हते, इपॉक्सीने चिकटवलेले होते. तरीही या अपघाताचा धडा प्रत्येक प्रकारच्या अँकरला लागू पडतो असे मला वाटते. बसवल्यानंतरच्या अल्पकालीन ओढचाचण्यांत बोगद्यातील अँकर उत्तीर्ण झाले होते. राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या तपासात निष्पन्न झाले की वापरलेले इपॉक्सी अखंड ओझ्याखाली मंदगतीने सरकणाऱ्या जातीचे होते. काही अँकर खाली सरकल्याचे १९९९ मध्येच दिसले होते, पण ते बदलून पुन्हा चाचणी घेण्यापलीकडे नियमित तपासणीची तजवीज झाली नाही. पुढे अमेरिकेच्या काँक्रीट बांधकाम संहितेने सतत ओढीखाली असणारे, आडवे किंवा छताकडे वळवलेले चिकट अँकर प्रमाणित कारागिरानेच बसवावेत असा नियम केला. स्क्रू अँकरना त्या संहितेत स्थान मिळाले ते २०१९ च्या आवृत्तीत.

स्क्रूलाही स्वतःची अशी एक विलंबित व्याधी आहे. काँक्रीट कोरण्यासाठी त्याला जे काठिण्य द्यावे लागते, तेच दमट जागी त्याच्यावर उलटते. गंजण्याच्या क्रियेत सुटणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो आणि ताणाखाली असलेला स्क्रू महिनोन्‌महिने काहीही पूर्वसूचना न देता एके दिवशी तुटतो. म्हणून उघड्यावरील कामासाठी स्टेनलेस स्टीलचे, केवळ टोकाला कठीण पोलाद जोडलेले स्क्रू निघाले. ते महाग पडतात हे खरे. तथापि आयएस ४५६ ज्या सागरकिनाऱ्याला ‘तीव्र’ प्रभावाचा प्रदेश मानून सळ्यांवर ४५ मिमी आवरण मागते, त्या मुंबईच्या व कोकणच्या किनाऱ्यावर सज्जाचे कठडे आणि वातानुकूलन यंत्रांचे कंस साध्या जस्ताळलेल्या स्क्रूवर टांगणे मला अक्षम्य वाटते. आमचे वास्तुविशारद नकाशावर सळीचा व्यास आणि आवरण कसोशीने नमूद करतात. त्याच नकाशावर भोकाचा व्यास, खोली, कडेपासूनचे अंतर आणि पोलादाची जात नमूद होऊ लागली, म्हणजे ड्रिल हाती घेणाऱ्या कारागिराला अंदाजाने काम करावे लागणार नाही, आणि चुकल्यास त्याला एकट्याला जबाबदार धरण्याचीही सोय उरणार नाही.