कणसातला काळा दाणा

बाजरी फुलोऱ्यात असताना या वेळी आठवडाभर झड लागली होती, आठवतंय ना? त्यानंतरच्या गटाच्या बैठकीला आमच्यातल्या एक आजी पदरात एक कणीस बांधून घेऊन आल्या. कणसाला हात लावला की बोटं चिकटत होती. गुलाबीसर थेंब, पातळ पाकासारखे, आणि त्यावर मुंग्या. कुणी म्हणालं, मावा पडला असेल. कुणी म्हणालं, नजर लागली. आजी एवढंच म्हणाल्या, "पंधरा दिवस थांबा, मग बघा." पंधरा दिवसांनी त्यांनी त्याच शेतातलं दुसरं कणीस आणलं. थेंब वाळले होते आणि दाण्यांच्या जागी काही ठिकाणी काळपट, टोकदार खडे बाहेर आले होते.

या रोगाला अरगट म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ कोंबड्याच्या पायामागची नखी. खडा दिसतोही तसाच. आम्ही कृषी सहायकांना विचारलं, पुस्तकं चाळली, आणि एका काळ्या खड्यामागे हजार वर्षांचा एवढा भयंकर इतिहास निघाला की दोन रात्री आम्हाला धड झोप लागली नाही. तोच आज सांगणार आहोत.

आधी हा खडा म्हणजे काय ते बघू. ही एक बुरशी आहे. ती पानावर बसत नाही, खोडावर बसत नाही, फक्त फुलात शिरते. बाजरीच्या फुलातून आधी बारीक केसासारखे तंतू बाहेर येतात आणि परागाची वाट बघतात. पराग आधी पोचला तर दाणा भरतो, तंतू सुकतो आणि बुरशीची वाट बंद होते. बुरशीचा कण आधी पोचला तर दाण्याची जागा ती घेते. म्हणजे ही एक शर्यतच. ढगाळ हवा आणि रिमझिम असली की पराग धुऊन जातो, भिजून जड होतो आणि बुरशीचं फावतं. मग ते चिकट गोड थेंब येतात. ते चाखायला माश्या येतात, आणि त्यांच्या पायांना लागून रोग पुढच्या कणसावर जातो. शेवटी बुरशी आवळून कडक खडा बनते, जमिनीत पडते आणि पुढच्या पावसाची वाट बघते.

आता जाऊ युरोपात. तिथे गरिबांचं धान्य होतं राय. गव्हाच्याच कुळातलं, पण हलक्या जमिनीत आणि थंडीत तग धरणारं. श्रीमंत लोक गव्हाचा पांढरा पाव खात, गरीब रायचा काळा पाव. रायच्या कणसात काळे खडे इतके नेहमीचे होते की लोकांना ते पिकाचाच भाग वाटत. खडे धान्याबरोबर दळले जात.

जर्मनीत ऱ्हाईन नदीजवळच्या क्सांटेन गावच्या बखरीत ८५७ सालची नोंद आहे. लोकांच्या अंगावर फोड आले, मांस सडलं आणि हातपाय गळून पडले, असं तिथे लिहिलंय. यात अतिशयोक्ती नाही. या खड्यातली विषं रक्तवाहिन्या आवळून टाकतात. बोटांना, पायांना रक्तच पोचत नाही. आधी आग आग होते, मग बधिरपणा येतो, मग कातडी काळी पडते, आणि कधी कधी रक्ताचा थेंबही न येता बोट गळून पडतं. काही भागांत वेगळा प्रकार दिसायचा: अंगाला मुंग्या, हातपाय वाकडे होणं, झटके, भास.

फ्रान्समध्ये लोक याला संत अँथनीची आग म्हणत. अकराव्या शतकाच्या शेवटी या संताच्या नावाने एक सेवासंघ निघाला आणि त्यांनी रोग्यांसाठी ठिकठिकाणी दवाखाने बांधले. तिथे प्रार्थना व्हायची, मलम लावायचे, सडलेला पाय कापायचे. आणि चांगल्या धान्याचा पाव मिळायचा! घरचा विषारी पाव सुटला की बरेच जण सुधारत. श्रेय संताला जायचं, आणि बरा होऊन घरी गेलेला माणूस पुन्हा तोच पाव खायला लागायचा. अशाच एका दवाखान्यासाठी ग्रुनेवाल्ड नावाच्या चित्रकाराने सुमारे १५१२ ते १५१६ या काळात मोठं चित्र काढलं. त्याच्या कोपऱ्यात फोडांनी भरलेला, पोट फुगलेला एक जीव पडलेला आहे. ते चित्र आजही फ्रान्समधल्या कोल्मार शहरात आहे.

दोष पावात आहे हे १६७० च्या सुमारास ट्युलिए नावाच्या फ्रेंच वैद्याच्या लक्षात आलं. रोग एका घरातून दुसऱ्या घरात पसरत नव्हता. शहरातल्या श्रीमंतांना होत नव्हता. खेड्यातल्या रायखाऊ गरिबांनाच होत होता. तरीही रोग थांबला नाही, कारण भुकेल्याला दाणे निवडत बसणं परवडत नाही. रशियात १९२६-२७ सालीही हजारो लोकांना याची बाधा झाली.

या खड्याची गुणकारी बाजू मात्र बायकांनीच आधी ओळखली होती. जर्मनीतल्या सुइणी बाळंतीण अडली की मोजके खडे देत, असं १५८२ साली लोनित्सर याने लिहून ठेवलंय. रक्तवाहिनी आवळते तशी पिशवीही आवळते. १८०८ मध्ये अमेरिकेतल्या स्टर्न्स नावाच्या डॉक्टरांनी ही युक्ती छापून आणली, आणि मग डॉक्टर मंडळी सर्रास देऊ लागली. घाईत दिलेल्या औषधाने पिशवी अशी घट्ट आवळायची की आत बाळ गुदमरायचं, कधी पिशवीच फाटायची. शेवटी १८२४ मध्ये होसॅक या डॉक्टरांनी बजावलं की बाळ बाहेर येण्याआधी हे देऊ नका, नंतरचा रक्तस्राव थांबवायला द्या. १९३५ मध्ये त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं झालं. आज दवाखान्यात बाळंतपणानंतर रक्त थांबवायला मेथर्जिनचं इंजेक्शन देतात, ते याच कुळातलं. रक्तदाब वाढलेल्या बाईला तेही चालत नाही, म्हणून आपला रक्तदाब नर्सबाईंना आधीच सांगा. आणि कणसातले खडे घरी औषध म्हणून कुणी म्हणजे कुणी वापरू नयेत. एका खड्यात किती विष आहे हे खडा बघून कळत नाही.

भासांची गोष्ट तर आणखी विचित्र. स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट होफमन हे शास्त्रज्ञ अरगटपासून औषधं शोधत होते. १९ एप्रिल १९४३ रोजी त्यांनी त्यातूनच बनवलेल्या एका द्रव्याचा पाव मिलिग्रॅम, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा कण, स्वतः घेऊन पाहिला. सायकलवरून कसेबसे घरी पोचले. शेजारीण दूध घेऊन आली, तर ती त्यांना मुखवटा घातलेली दुष्ट चेटकीण दिसली. ते द्रव्य पुढे एलएसडी म्हणून कुप्रसिद्ध झालं.

यावरून अमेरिकेतल्या सेलम गावाची आठवण निघते. १६९२ मध्ये तिथे काही मुलींना झटके येऊ लागले आणि चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी झाली. त्यांत १४ बाया होत्या. १९७६ मध्ये एका अभ्यासक बाईंनी मांडलं की त्या मुलींनी अरगट लागलेली राय खाल्ली असावी. इतर अभ्यासकांनी लगेच हरकत घेतली: एकाच चुलीवरचा पाव खाणाऱ्या बाकीच्यांना काही झालं नाही, आणि मुलींचे झटके आरोपी समोर आली की सुरू व्हायचे. आम्हालाही हरकत बरोबर वाटते. झटके बुरशीने आले असतीलही, पण फास माणसांनीच लावला.

आता आपल्या बाजरीचं. आपल्याकडची बुरशी रायवरच्या बुरशीची चुलत बहीण. तिची विषं वेगळी, त्यामुळे बोटं झडत नाहीत. पण भाकरी खाल्ल्यावर काही तासांतच मळमळ, उलट्या, गरगरणं आणि गुंगी येते. जुन्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी साथ आल्याचं डॉक्टरांनी १९५८ मध्ये लिहून ठेवलंय. १९७५ मध्ये राजस्थानातल्या गावांतही आली होती. सगळं घर एकदम ओकायला, झुलायला लागलं तर करणी झाली म्हणून शेजारणीकडे बोट दाखवण्याआधी पिठाचा डबा बघा. दवाखान्यात जाताना मूठभर बाजरी सोबत न्या. माणसं बहुधा एकदोन दिवसांत सावरतात, पण लहान लेकरू आणि गरोदर बाई यांच्यासाठी थांबून बघू नका.

भाजल्याने हे विष जाईल असा भरवसा धरता येत नाही, आणि दळल्यावर खडा ओळखू येत नाही. म्हणून जे करायचं ते जात्यात किंवा गिरणीत जाण्याआधी. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवा. साधं जाडं मीठ चालतं. त्यात बाजरी थोडी थोडी सोडून हाताने ढवळा. खडे आणि पोचट दाणे वर तरंगतात, भरलेला दाणा तळाशी बसतो. वरचं चाळणीने काढा. खालची बाजरी चांगल्या पाण्याने दोनतीनदा धुऊन वाळवा. बियाण्यालाही हीच रीत, फक्त बियाणं सावलीत वाळवायचं. मिठाचं पाणी चार पायल्यांना पुरतं, मध्ये मध्ये थोडं मीठ वाढवा.

काढलेले खडे जाळा किंवा खोल पुरा. उकिरड्यावर टाकले तर शेणखताबरोबर पुन्हा शेतात येतील. जनावरांपुढेही टाकू नका. आफ्रिकेत असली बाजरी खाल्लेल्या डुकरिणींचं दूध आटलं आणि पिल्लं उपाशी राहिली, हे तिथल्या पशुवैद्यांनी नोंदवलंय. विक्रीच्या धान्यात किलोमागे अर्ध्या ग्रॅमहून जास्त अरगट चालत नाही, तेव्हा दुकानातून आणलेली बाजरीही सुपात पसरून बघा.

आजींना आम्ही विचारलं, तुम्हाला पंधरा दिवसांचं गणित कसं ठाऊक? त्या म्हणाल्या, सासूबाई चिकट कणसं दिसली की दोरा बांधून ठेवायच्या, आणि काढणीला ती कणसं वेगळी खुडून बांधावर जाळायच्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.