जहाज कोचीला लागल्यावर

लक्षद्वीपची बेटं दाखवून आणणारं जहाज कोचीच्या धक्क्याला लागतं, तेव्हा बहुतेक प्रवाशांच्या मनातून सहल संपलेली असते. बॅगा भरलेल्या असतात, फोनला रेंज आलेली असते आणि परतीचं विमान किंवा गाडी रात्रीची असते. मधले सात-आठ तास मग मॉलमध्ये नाही तर विमानतळावरच्या खुर्च्यांवर निघून जातात. कोचीसारख्या गावात ही फार मोठी हानी आहे, कारण हे गाव समुद्रानेच वसवलं. इथे जो आला तो बोटीने आला आणि आपली काही ना काही खूण ठेवून गेला. त्या खुणा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत, की एका दिवसात पाहून होतात.

पहिली खूण पायाखालीच असते. जहाज लागतं ते विलिंग्डन बेट निसर्गाने घडवलेलं नाही. खाडीच्या तोंडाशी वाळूचा मोठा दांडा होता, त्यामुळे मोठी जहाजं बाहेर समुद्रात नांगर टाकत आणि माल लहान होड्यांतून आत येई. रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज अभियंता १९२० साली इथे आला. त्याने तो दांडा कापून खोल वाट काढली आणि उपसलेला गाळ भरावाला वापरून हे बेट उभं केलं. १९२८ साली ‘पद्मा’ नावाची आगबोट नव्या वाटेने आत आली. त्याही आधी या बंदराला घडवलं ते एका महापुराने. १३४१ साली पेरियार नदीला आलेल्या पुरात मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळाने बुजलं आणि कोचीचं मुख मोकळं झालं, असं मानलं जातं.

सामान एर्नाकुलम जंक्शनच्या क्लोकरूममध्ये टाकावं आणि हायकोर्ट जेट्टीवरून वॉटर मेट्रो पकडावी. २०२३ साली सुरू झालेल्या या सेवेच्या बोटी विजेवर चालतात आणि त्या इथल्याच कोचीन शिपयार्डने बांधल्या आहेत. ‘आयएनएस विक्रांत’ ही विमानवाहू नौकाही याच गोदीतली. बोट थेट फोर्ट कोचीला उतरवते.

उतरल्यावर काठाने चालत गेलं, की चिनी जाळी दिसतात. ती चिनी व्यापाऱ्यांनी आणली असं कुणी म्हणतं, तर पोर्तुगिजांनी मकावहून आणली असं कुणी. वाद मिटेल तेव्हा मिटो, यंत्र मात्र जवळ उभं राहून पाहण्यासारखं आहे. सागवानी खांब आणि बांबूंच्या चौकटीला जाळं टांगलेलं असतं आणि मागच्या बाजूला दोरांना मोठमोठे दगड लटकवलेले असतात. चार-सहा माणसं दोर ओढतात, तसं जाळं पाण्यातून वर येतं. हे दगड वेगवेगळ्या उंचीवर बांधलेले असतात. जाळं उचलत जाईल तसा एकेक दगड खाली टेकत जातो आणि दोन्ही बाजूंचं वजन सतत तोललेलं राहतं. त्यामुळे एवढा मोठा सांगाडा मोजक्या माणसांच्या बळावर हलतो. जाळ्यात अनेकदा मूठभरच मासळी असते. ती लगेच शेजारच्या पाटीवर विकायला जाते.

तिथून सेंट फ्रान्सिस चर्च चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला, तेव्हा त्याला इथेच पुरलं होतं. १५३९ साली त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, पण कठड्याने वेढलेली ती जागा अजून दाखवतात. वर बघायला विसरू नये. दोरीने बाहेरून ओढायचे जुने कापडी पंखे बाकांच्या रांगांवर टांगलेले आहेत.

मग रिक्षाने मट्टनचेरी. इथला राजवाडा ‘डच पॅलेस’ म्हणून ओळखला जातो, पण सोळाव्या शतकात तो बांधून कोचीच्या राजाला भेट दिला पोर्तुगिजांनी. १६६३ साली कोची जिंकल्यावर डचांनी त्याची डागडुजी केली आणि नाव त्यांचं चिकटलं. आत राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत. त्यांतली दाटी, गेरूसारखा लाल आणि पिवळा रंग यांसाठी निवांत वेळ काढायला हवा.

राजवाड्याला लागूनच १५६८ सालचं परदेसी सिनेगॉग आहे. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या, हाताने रंगवलेल्या फरश्या आहेत. शेजारच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर वेगवेगळ्या लिप्यांतले आकडे आहेत. इस्रायल झाल्यावर इथले बहुतेक ज्यू तिकडे गेले. गल्लीत उरली आहेत त्यांची घरं आणि मसाल्यांची दुकानं. मिरी, सुंठ, वेलदोडा घ्यायचा तर इथे घ्यावा, पण दोन-चार दुकानांत भाव विचारूनच.

मराठी आणि गोव्याच्या माणसाने यानंतर चेरळाईकडे वळायलाच हवं. गोव्यातला पोर्तुगिजांचा छळ चुकवून आलेली गौड सारस्वत कुटुंबं या भागात स्थिरावली. त्यांच्या तिरुमल देवस्वम मंदिराच्या आसपास आजही कोकणी कानावर पडते. याच समाजातल्या तीन वैद्यांनी कोचीच्या इतिहासात मोलाची भर घातली. हेंड्रिक व्हान रेड या डच अधिकाऱ्याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांनी त्यासाठी माहिती दिली. या तिघांची कोकणीतली साक्ष पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेली आहे. वैद्यांनी माहिती कुठून आणि कशी दिली, हे त्यांच्याच भाषेत आणि लिपीत नोंदवावं असं त्या काळच्या डच अधिकाऱ्याला वाटलं, ही गोष्ट आपल्या शाळांमधून सांगायला हवी.

दिवस ठरवताना वार बघावा. राजवाडा शुक्रवारी बंद असतो, सिनेगॉग शनिवारी. विमानतळ नेडुंबाश्शेरीला, शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे आणि संध्याकाळी रस्ते तुंबतात. म्हणून चारच्या सुमाराला मट्टनचेरी सोडावं आणि क्लोकरूममधून सामान घेऊन पुढे निघावं.